थैलीभर ताकद

थंडी पडली की खान्देशात दोन सीझन एकदम सुरू होतात. एक भरीत पार्टीचा आणि दुसरा ताकदीचा! पहिल्याबद्दल पुण्या-मुंबईच्या पब्लिकला आता बरंच माहीत झालंय. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मिळाला, तेव्हापासून तर त्याची कॉलर आणखीच टाइट आहे. दुसऱ्या सीझनबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. कारण तो शेतात नाही, तर घरात, कपाटाच्या वरच्या फळीवर, झाकणबंद बरण्यांमध्ये साजरा होतो.

दिवाळी संपली की आमच्या जळगावच्या किराणा दुकानांत डिंक, खारीक, गोडंबी, मेथ्या, हळीव हा सगळा ऐवज मागच्या पोत्यांतून पुढे येतो. त्याच्याच शेजारी अश्वगंधा, शतावरी आणि सफेद मुसळी. मुसळी तर आमच्या सातपुड्याचीच. डोंगरातल्या भिल्ल-पावरा मंडळींना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. (गंमत म्हणजे तिच्या शास्त्रीय नावात मुंबईचं बोरिवली आहे. क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम! लोकल ट्रेनमध्ये लटकणाऱ्यांना ताकद लागते, हे त्या नाव ठेवणाऱ्याला आधीच कळलं असावं.) २००० नंतरच्या काही वर्षांत मुसळीच्या लागवडीची मोठी लाट आली होती. ती ओसरली. ताकदीची हौस काही ओसरली नाही.

हेमंतात भूक कडकडून लागते, जड पचतं, म्हणून ताकदीचं खाणं थंडीत. हा फंडा चरकांपासून माझ्या आजीपर्यंत सगळ्यांना मान्य. आजीच्या डिंकाच्या लाडवात सुंठ आणि जायफळ असायचं. लहानपणी मला वाटायचं, ते वासासाठी. मोठेपणी कळलं, की डिंक-खोबरं-तुपाचा तो ऐवज पोटाला झेपावा म्हणून ते घातलेलं असतं. म्हणजे ताकद देणारं आणि ती पचवणारं, दोन्ही एकाच लाडवात. शिवाय नियम एकच : सकाळी एक लाडू. दुसऱ्याला हात लावला की त्याच हातावर चापट.

हे सगळं सांगतेय, कारण दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी एक एक्सेल शीट केली होती. ऑफिससाठी नाही, मामांसाठी.

कट टू धुळे. माझे मामा रिटायर्ड शिक्षक. वय ६६. गावच्या भजनी मंडळात मुख्य आवाज त्यांचा, आणि त्या आवाजाचा त्यांना रास्त अभिमान. गेली १० वर्षं बीपीची एक गोळी चालू. तेवढ्यावर १३०-८५ एकदम सेट. त्या हिवाळ्यात मात्र बीपी चढायला लागलं. १५०, मग १६०. डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला, मग दुसरी गोळी दिली. ही दुसरी लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी. बीपी जागचं हलेना. उलट मामांना थकवा यायला लागला, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभे राहायचे. डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘दुसरं काही औषध घेता का?’ मामा म्हणाले, ‘नाही.’ आणि मामा अजिबात खोटं बोलत नव्हते. बाकीचं जे काही ते घेत होते, ते त्यांच्या हिशेबात औषध नव्हतंच. ती ताकद होती!

माघात एका लग्नासाठी मामा जळगावला आले. मी तेव्हा वर्क फ्रॉम होम घेऊन घरीच होते. त्यांची अवस्था बघून आई त्यांना आमच्या ओळखीच्या वैद्यबाईंकडे घेऊन गेली. सोबत मीही. मामांची मागणी साधी होती : ‘अशक्तपणा आलाय, एखादं चांगलं टॉनिक द्या.’

वैद्यबाईंनी बीपी बघितलं. १७८-१००. मग त्या म्हणाल्या, ‘टॉनिक राहू द्या. जेवण सोडून जे जे तोंडात टाकता, ते सगळं उद्या माझ्या टेबलावर हवं.’

‘आयुर्वेदिक शे बाई, काही नही व्हस,’ मामा बाहेर आल्यावर मला म्हणाले. अहिराणीत सांगितलं की मामांना ते जास्त खरं वाटतं.

मामीनं दुसऱ्या दिवशी सकाळी मामेभावाच्या हाती थैली पाठवली. धुळे ते जळगाव, पारोळा-एरंडोल मार्गे ९० किलोमीटरच्या आसपास रस्ता, आणि थैलीतल्या बरण्या एकमेकींवर आपटून अर्धी पावडर सांडलेली. वैद्यबाईंनी एकेक डबा टेबलावर मांडला आणि मला म्हणाल्या, ‘तू कॉम्प्युटरवाली ना? लिही.’

तर थैलीत काय होतं? च्यवनप्राश, सकाळ-संध्याकाळ दोन दोन चमचे. मामेभावानं बंगळुरूहून पाठवलेल्या अश्वगंधा अर्काच्या कॅप्सूल. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लागलेली आणि मग न सुटलेली काढ्याची पावडर. एक ‘शक्तिवर्धक’ चूर्ण, यात्रेतून आणलेलं. ॲसिडिटीचं चूर्ण. आणि गळ्यासाठी ज्येष्ठमध. भजनाचा आवाज टिकला पाहिजे ना! सकाळी एक चमचा मधातून, रात्री एक चमचा, आणि भजनाला बसताना गालात एक कांडी.

मी प्रत्येक डब्याच्या लेबलवरचे घटक टाइप करत गेले. एका रांगेत डबे, दुसऱ्या रांगेत वनस्पती. आयटीवाल्यांना पिव्होट टेबल काय असतं ते सांगायला नको. बटण दाबलं आणि पडद्यावर आकडे आले. अश्वगंधा : ३ डब्यांत. मला वाटलं होतं दोनच असतील. कॅप्सूल आणि शक्तीचं चूर्ण. तिसरा डबा च्यवनप्राशचा निघाला. वैद्यबाईंनी हसत समजावलं, की च्यवनप्राशच्या मूळ पाठात अष्टवर्ग नावाच्या गटातल्या वनस्पती आहेत. त्या हिमालयातल्या आणि मिळायला महाकठीण, म्हणून शास्त्रानंच त्यांना पर्याय सांगितलेत. काकोली आणि क्षीरकाकोली मिळाली नाही, तर अश्वगंधा घ्यायची. शतावरी, विदारीकंदही अशाच बदली खेळाडू म्हणून आत येतात.

पण त्यांचं बोट त्या आकड्यावर नव्हतंच. ते खालच्या ओळीवर होतं. ज्येष्ठमध : काढ्यात, शक्तीच्या चूर्णात, ॲसिडिटीच्या चूर्णात, गळ्याच्या पावडरीत आणि कांडीत. पाच!

‘पोटॅशियम करून घ्या. आत्ताच्या आत्ता,’ त्या म्हणाल्या. चिठ्ठीवर माझी यादी पिन केली आणि आम्हाला जवळच्या फिजिशियनकडे पाठवलं.

पोटॅशियम आलं २.८. असायला हवं ३.५ ते ५. त्या रात्री मामा दवाखान्यात होते. छातीला ईसीजीच्या तारा, हाताला सलाइन. पोटॅशियम फार उतरलं की हृदयाचा ठेका चुकू शकतो, हे फिजिशियननी आईला हळू आवाजात सांगितलं. ज्या माणसानं आयुष्यभर टाळ कधी चुकवला नाही, त्याच्या मॉनिटरवरच्या रेषेकडे मी रात्रभर बघत बसले होते.

ज्येष्ठमध आणि पोटॅशियम यांचा काय संबंध? मीही हेच विचारलं. उत्तर भन्नाट आहे. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक असतं. ते मूत्रपिंडात पोचलं की तिथलं एक एन्झाइम त्याला निकामी करतं. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन त्या एन्झाइमलाच गप्प बसवतं. मग मोकाट सुटलेलं कॉर्टिसॉल मूत्रपिंडाला हुकूम सोडत राहतं : मीठ धरून ठेव, पोटॅशियम सोडून दे. मीठ-पाणी साठलं, बीपी वर. पोटॅशियम लघवीतून बाहेर, स्नायू लुळे. त्यात मामांना जी दुसरी गोळी मिळाली होती, तीही पोटॅशियम बाहेर काढणारीच. म्हणजे बीपी वाढलं म्हणून गोळी वाढली, आणि गोळीमुळे पोटॅशियम आणखी उतरलं. गोळी बरोबर, डॉक्टर बरोबर, ज्येष्ठमधही आपल्या जागी बरोबर. फक्त या तिघांची एकमेकांशी ओळख कुणी करून दिलेली नव्हती.

हिशेबच करायचा तर असा. आयुर्वेदाच्या सरकारी फार्माकोपियात ज्येष्ठमधाच्या चूर्णाची मात्रा दिवसाला २ ते ४ ग्रॅम आहे, आणि तीही कुणी तपासून दिली तर. मामांचे नुसते गळ्याचे दोन चमचेच ६ ग्रॅमच्या घरात जात होते. मुळात ४ टक्के ग्लायसिरायझिन धरलं, तर झालं २४० मिलिग्रॅम. युरोपातल्या तज्ज्ञांच्या समितीनं २००३ मध्ये दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका असं सांगितलंय. बाकीचे चार डबे तर मी धरलेच नाहीत.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. जपानमध्ये काम्पो नावाची वनौषधींची पद्धत आहे, मूळ चिनी. तिथे पोटऱ्यांत गोळे आले की पिओनीचं मूळ आणि ज्येष्ठमध यांचा काढा देतात. आणि त्याच काढ्यानं पोटॅशियम उतरलं, तर स्नायूंचं दुखणं नव्यानं सुरू होऊ शकतं! म्हणून तिथल्या औषधांसोबतच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलेलं असतं, की ज्येष्ठमध असलेली दोन औषधं एकत्र घेताना सांभाळा. मामांच्या थैलीतल्या एकाही डब्यावर अशी ओळ नव्हती.

चीनमध्ये तर टॉनिकं एकत्र करायचं पूर्ण राज्यशास्त्र आहे. काढ्यात एक औषध राजा, एक मंत्री, एक मदतनीस आणि एक दूत. ‘चार सज्जन’ नावाचा त्यांचा ताकदीचा जुना काढा आहे. त्यात जिनसेंग राजा आणि ज्येष्ठमधाचा भाऊबंद दूत, म्हणजे सगळ्यांत छोटा रोल. नुसती टॉनिकं पोटात बसून राहतात, म्हणून त्यात पुढे संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळवलेली साल घातली गेली. आजीच्या लाडवातली सुंठ आठवली ना? शिवाय कुठल्या औषधासोबत कुठलं चालत नाही, याची १८ विरोधांची यादी तिथले विद्यार्थी पाठ करतात. तिच्यातही ज्येष्ठमध आहे. इतका गोड स्वभाव, तरी काहींशी त्याचं जमत नाही.

वैद्यबाईंचं म्हणणं असं, की जुना पाठ हा एक माणूस असतो आणि आपण घरात पाच माणसं एका पाटावर बसवतो. च्यवनप्राश बनवणाऱ्यानं काय किती घालायचं याचा विचार केलाय. काढा बनवणाऱ्यानंही केलाय. पण तुम्ही दोन्ही घ्याल, वर कॅप्सूल घ्याल, याचा विचार दोघांपैकी कुणीच केलेला नाही. त्यांनी मला चरकसंहितेतली आणखी एक गोष्ट सांगितली. च्यवनप्राश किती घ्यावा? तर त्यानं जेवणाची भूक मारली जाणार नाही इतकाच. चमचे-ग्रॅम काही नाही, तुमची भूक हेच माप! मामांची भूक तेव्हा दोन महिने मेलेली होती. सगळे समजत होते, अशक्तपणामुळे. म्हणून आणखी एक चमचा.

आता तुम्ही म्हणाल, ही साठीच्या लोकांची लफडी. आमचं काय? आपलं जास्त आहे, बॉस! मामांनी निदान सगळं एका थैलीत तरी ठेवलं होतं. आपली अश्वगंधा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये गमी बनून बसलीय, जिमच्या शेकमध्ये आहे, आणि रात्री ‘स्लीप सपोर्ट’ गोळीतही आहे. फार्माकोपियातली मात्रा ३ ते ६ ग्रॅम मुळाच्या चूर्णाची आहे. बाजारातल्या कॅप्सूलमध्ये असतो अर्क. म्हणजे छोट्याशा गोळीत कित्येक ग्रॅम मूळ आटवून बसवलेलं. थायरॉइडची गोळी चालू असेल, तर अश्वगंधेनं थायरॉइडचे आकडे हलू शकतात. झोपेच्या गोळीसोबत गुंगी वाढू शकते. प्रेग्नन्सीत तर नकोच. यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, कमी असल्या तरी. डेन्मार्कनं २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. ती मला स्वतःला जरा अतीच वाटते. पण त्याच्या आधी, २०२१ मध्ये, आपल्याच आयुष मंत्रालयानं उत्पादकांना अश्वगंधेची पानं वापरू नका, मूळच वापरा असं सांगितलं होतं. त्यामुळे लेबलवर ‘मूळ’ असं लिहिलंय का, एवढं तरी बघाच.

ज्येष्ठमध फक्त म्हाताऱ्यांना बाधतो, असं वाटत असेल तर तेही नाही. स्वीडनच्या लिंशॉपिंग विद्यापीठानं १८ ते ३० वयाच्या २८ निरोगी मुलामुलींना दोन आठवडे रोज १०० मिलिग्रॅम ग्लायसिरायझिन जाईल इतकं लिकोरिस खायला घातलं. २०२४ मध्ये निष्कर्ष छापून आले : बीपी वाढलं. युरोपनं सेफ ठरवलेल्या आकड्यावरच!

गुळवेलीची गोष्ट तर कोविडच्या काळात सगळ्यांनीच ऐकली. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये ६ पेशंटची नोंद छापली. गुळवेल घेतली आणि यकृताला सूज आली. मंत्रालयानं आक्षेप घेतला, की त्यांनी खाल्लं ते गुळवेलच होतं हे कशावरून? हुबेहूब दिसणारी दुसरी वेलही असते. आक्षेपात दम होताच. मग २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ पेशंटचा अभ्यास आला, आणि तोही त्याच बाजूला बोट दाखवणारा. माझ्यापुरतं मी ठरवलंय. ज्यांना थायरॉइड, संधिवात, त्वचेचा ऑटोइम्यून प्रकार काही आहे, त्यांनी इम्युनिटी ‘बूस्ट’ करायच्या आधी डॉक्टरांना विचारावं. त्यांची इम्युनिटी आधीच ओव्हरटाइम करतेय.

आणि एक शेवटचा छुपा पाहुणा. मिरी-पिंपळी. काढ्यात, चूर्णात, हळदीच्या कॅप्सूलमध्ये, सगळीकडे. आयुर्वेद पिंपळीला योगवाही म्हणतो, सोबतच्या औषधाचा गुण पुढे नेणारी. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, की २ ग्रॅम करक्युमिनसोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पिपेरिन दिलं, तर माणसाच्या शरीरात त्याचं शोषण २००० टक्क्यांनी वाढतं. हळदवाल्यांनी हा आकडा डब्यावर छापून टाकला. पण जे हळदीला आत ढकलतं, ते फिटच्या गोळीला, दम्याच्या गोळीलाही ढकलू शकतं. तिचा डोस डॉक्टरांनी पिपेरिन धरून ठरवलेला नसतो.

मामांचं काय झालं? ज्येष्ठमध पाचही ठिकाणांहून बंद. पोटॅशियम दोन दिवसांत बरं झालं, बीपी उतरायला मात्र काही आठवडे लागले. चैत्रात मामा पुन्हा एका गोळीवर आले आणि भजनालाही बसले. गळ्यासाठी आता कोमट पाणी आणि खडीसाखर. आवाज तसाच आहे, किंवा मंडळातलं कुणी वेगळं सांगायची हिंमत करत नाही. वैद्यबाईंनी टॉनिक पूर्ण बंद केलं नाही, याचं मला विशेष वाटलं. च्यवनप्राश ठेवला, एक चमचा, फक्त हिवाळ्यात. पोट बिघडलं किंवा ताप आला, तर तोही नाही. माझी एक्सेल शीट मामांनी प्रिंट काढून बीपीच्या फाइलमध्ये लावलीय आणि धुळ्याच्या डॉक्टरांनाही दाखवलीय. त्यांनी म्हणे तिचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

एक भांडण मात्र मिटलेलं नाही. वैद्यबाईंनी जाता जाता सांगितलं होतं, की चरकसंहितेत तीन गोष्टी सतत आणि जास्त खाऊ नका असं म्हटलंय : पिंपळी, क्षार आणि मीठ. पिंपळी मामांनी आनंदानं सोडली. पण क्षार म्हणजे पापडखार, म्हणजे मामीचे पापड. आणि मीठ म्हणजे रात्रीची शेवभाजी. मामी म्हणते, आठवड्यातून एकदा. मामा म्हणतात, चरक खान्देशात कधी जेवलेच नव्हते. सध्या तोडगा शेवभाजी दोनदा आणि पापड अर्धा यावर अडलाय, आणि बुधवारच्या भाजीत शेव नेमकी किती होती यावर दर गुरुवारी सकाळी मला दोन वेगवेगळे फोन येतात.